साडेसहाचा नेम



वाचकहो, या मासिकात आपण दिंडीतल्या, मठातल्या, फडावरच्या माणसांविषयी वाचतो. आज ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांच्या गळ्यात माळ नव्हती आणि पंढरपूर हे नाव त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तरी ही हकीकत सांगायला मला हीच जागा बरी वाटते. दुसरीकडे कुठं काढली की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे तुम्हाला बाटवायला आले होते की काय?" आले होते की. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तेही पुढं सांगेन. पण नेम पाळणं म्हणजे काय, आणि मन लागत नसताना पाळणं म्हणजे काय, हे तुम्हाला फोड करून सांगावं लागत नाही. म्हणून तुमच्याशी बोलतो.

2017 साली सूनबाईच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. एप्रिलात गेलो, ऑक्टोबरात परतलो. म्हणजे त्या वर्षीची वारी चुकणार हे तिकीट काढतानाच ठरलं होतं. मी फलटण तालुक्यातला, निवृत्त शिक्षक. माउलींची पालखी ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्याच्या कडेला जन्म गेला. मुलगा डॉक्टर, नेब्रास्का राज्याच्या पश्चिम टोकाला, स्कॉट्सब्लफ शहरापासून काही मैलांवर एका लहान गावात. अमेरिका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे उभं राहतं त्यातलं तिथं काही नाही. नॉर्थ प्लॅट नदी, तिचे कालवे, मका, घेवडा आणि साखरेचं बीट. आपल्याकडे ऊस तसं तिकडे बीट. हंगामात रस्त्यावरून बिटानं भरलेले ट्रक धावायला लागले की आपला गळीत हंगामच आठवतो. वारा मात्र असा, की टोपी हातात धरून चालावं.

त्या गावात कुणी चालत नाही. दूध आणायला दोनशे पावलांवर जायचं असलं तरी गाडी. सकाळ-संध्याकाळ चालणारा मी एकटा, आणि पाठीवर पिशव्या घेतलेली दोन तरुण पोरं. पांढरा शर्ट, टाय, काळी पँट, छातीवर काळी पट्टी. चालणारे तिघेच असल्यावर ओळख व्हायला किती वेळ लागतो? तिसऱ्या दिवशी त्यांनी नमस्कार केला, चौथ्या दिवशी दाराशी आले.

ते मॉर्मन. पंथाचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. हल्ली ती मंडळी मॉर्मन हे नाव टाळा म्हणतात, पण तेव्हा ती दोघंही स्वतःला तसंच म्हणवून घेत होती. 1830 मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यू यॉर्क राज्यात हा पंथ स्थापला, मुख्य ठाणं आता युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला. या पंथातली पुष्कळ मुलं अठरा-एकोणिसाव्या वर्षी घर सोडतात आणि दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात. मुली दीड वर्ष जातात. कुठं जायचं ते स्वतः ठरवायचं नाही. पत्र येतं, त्यात लिहिलेलं असेल तिथं जायचं. कुणाला ब्राझील मिळतं, कुणाला जपान, आणि कुणाला आमचं हे बिटाचं गाव. पगार नाही, उलट खर्च आपणच करायचा. तेव्हा अमेरिकेतल्या घरांना महिन्याला 400 डॉलर भरावे लागत. दोघांतला उंच पोरगा आयडाहोचा, शेतकऱ्याचा. चौदाव्या वर्षापासून लोकांच्या शेतात पाण्याचे पाइप हलवून त्यानं हे पैसे साठवले होते. दुसरा पार टोंगा बेटावरचा, अंगानं पैलवान, आवाज असा की त्यानं हळू बोललेलंही शेजारी ऐकू जावं. त्याच्या घरचे जमेल तेवढं भरत, उरलेलं पंथ पाहत होता.

छातीवरच्या पट्टीवर दोघांच्याही आडनावाआधी 'एल्डर' लिहिलेलं. म्हणजे वडीलधारे! एक एकोणीस वर्षांचा, एक वीस. आणि मी सहासष्ट वर्षांचा माणूस त्यांना वडीलधारे म्हणणार. मला आधी हसू आलं. मग मनात आलं, वारीत आपण दहा वर्षांच्या पोरालाही माउली म्हणून पाया पडतोच की. तरी मी त्यांना "बाळांनो" म्हणायचो आणि आजोबा हा शब्द त्यांना शिकवला. टोंगाचा पोरगा तो असा खणखणीत म्हणायचा की सूनबाई आतून हसायची.

पहिल्याच भेटीत आमच्या सौभाग्यवतींनी चहा टाकला. चहा त्यांना चालत नाही. कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही, 1833 पासूनचा त्यांचा तो नियम. चहा नको म्हणणारा पाहुणा आमच्या घरी कधी आला नव्हता, तिला वाटलं काहीतरी चुकलं. मग ताक दिलं. ते त्यांनी ज्या धैर्यानं प्यायलं ते सांगण्यासारखं आहे. पुढं मात्र दोघांनाही ते आवडू लागलं, निदान तसं ते म्हणत. घरात एकटी बाई असली तर मात्र ते उंबरठा ओलांडायचे नाहीत. सूनबाई एकटी असताना एकदा पाऊस आला, तरी दोघं बाहेरच्या कट्ट्यावर भिजत उभे राहिले.

आता त्यांचा दिवस सांगतो. आमच्या घरामागच्या गल्लीत एका घराच्या तळघरात त्यांची खोली होती. जमिनीलगत एक हातभर खिडकी. सकाळी साडेसहाला त्या खिडकीत दिवा लागायचा. मी पाचला उठून स्नान, पूजा आटोपून खिडकीशी बसलेला असे, म्हणून सांगतो, त्या दिव्यावर घड्याळ लावावं. अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी, मग ग्रंथाचं वाचन, आधी एकट्यानं आणि नंतर दोघांनी मिळून. दहाच्या सुमाराला बाहेर. दुपारी जेवायला तासभर, पुन्हा बाहेर, रात्री नऊपर्यंत. उद्याच्या दिवसाची आखणी वहीत लिहायची आणि साडेदहाला दिवा बंद. दूरचित्रवाणी नाही, सिनेमा नाही, पोरीबाळींशी गप्पा नाहीत, पोहायलासुद्धा जायचं नाही. घरी आठवड्यातून एकदा ई-मेल, सोमवारी गावच्या वाचनालयात बसून. फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला. (2019 पासून दर आठवड्याला बोलू देतात असं कळलं. बरं झालं.) त्याच सोमवारी कपडे धुणं, वाणसामान आणि केस कापणं. संध्याकाळी सहाला पुन्हा टाय.

आणि या दोघांनी एकमेकांना सोडून कुठं जायचं नाही. सोबती आपण निवडायचा नाही, वरून नेमून देतात. दर सहा आठवड्यांनी फोन येतो, कोण राहणार आणि कोण हलणार. आवडो न आवडो, चोवीस तास त्याच माणसाच्या नजरेत. गाडी होती त्यांच्याकडे, पण महिन्याचे मैल मोजून दिलेले, म्हणून गावात पायी. गाडी मागं घ्यायची असली की सोबत्यानं खाली उतरून मागं उभं राहायचं आणि हातानं खुणा करायच्या, हाही नियमच. आपला एस.टी.चा कंडक्टर "येऊ द्या, येऊ द्या" करत गाडी लावून देतो, अगदी तसं. मोकळ्या माळावर, मागं अर्धा मैल काही नसतानाही उतरायचेच. गाडीत एक यंत्र बसवलेलं, वेग वाढला की ते बोलून दटावायचं.

एकदा मला ते दोघं दहा-बारा हात अंतर ठेवून चालताना दिसले. मी समजलो, भांडण आहे. दोन दिवसांनी पुन्हा खांद्याला खांदा. मी विचारलं तेव्हा टोंगाचा म्हणाला, आठवड्यातून एकदा आम्हाला समोरासमोर बसून एकमेकांच्या उणिवा सांगाव्या लागतात आणि ऐकून घ्याव्या लागतात. उंचाची तक्रार होती, हा न्हाणीघरात मोठ्यानं गातो. याची तक्रार होती, तो तीन दिवस बोलतच नाही. आपल्या दिंडीत तंबूतल्या जागेवरून जी रुसाफुगी चालते तिच्यावर हा उपाय करून पाहावा असं माझ्या मनात आलं होतं. मग आमच्या दिंडीतली दोन-तीन तोंडं डोळ्यांपुढं आली आणि विचार सोडून दिला.

दिवसभर बाहेर म्हणजे काय, तर दारं. मी एका दुपारी कट्ट्यावरून मोजत होतो. आमच्या रस्त्यावर अकरा घरं. चार दारं उघडलीच नाहीत. तीन उघडली आणि दोन वाक्यांत मिटली. एका बाईनं पाणी दिलं. एका घरात कुत्रं सोडलं, मुद्दाम की चुकून ते मला दिसलं नाही. एका म्हाताऱ्यानं पाऊण तास उभं करून स्वतःच्या चर्चची बाजू ऐकवली. अकरावं दार आमचं. तिथं ताक. असा दिवस रोज. शेतावरच्या घरांकडं गेले तर एकेका घरामध्ये दोन-दोन मैल, आणि तिथंही तेच. म्हणून ते कामं शोधायचे. कुणाच्या गवताच्या गंज्या रचून दे, एखाद्या एकट्या आजीचं अंगण साफ कर, कुणाचं सामान हलव. आयडाहोच्या पोराला बिटाची खुरपणी माझ्यापेक्षा बरी यायची. लोक काम करून घ्यायचे, धन्यवाद द्यायचे आणि धर्माची गोष्ट निघाली की घड्याळ पाहायचे. माझ्या माहितीत त्या सहा महिन्यांत गावातलं एकही माणूस त्यांच्या पंथात गेलं नाही.

माझ्याशीही त्यांनी तो विषय काढला. त्यांचा ग्रंथ दिला, मी शिक्षकाच्या सवयीनं तीस-चाळीस पानं वाचलीही. वाचा, प्रार्थना करा, खरं काय ते तुम्हाला कळेल, असं ते म्हणाले. मी गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली आणि सांगितलं, "बाळांनो, ही माझ्या वडिलांनी सतराव्या वर्षी घातली. तुमचं ऐकेन, पण ही निघायची नाही." वाईट त्यांना वाटलं असेल, तोंडावर दिसू दिलं नाही. पुन्हा येणं थांबलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. एक गोष्ट मात्र मला रुचली नाही, आणि मी ती त्यांना बोललोही. आठवड्याला किती जणांना शिकवलं, किती जण चर्चमध्ये आले, याचे आकडे त्यांना वर कळवावे लागत. माणूस देवाकडे निघाला की नाही हे वहीत कसं मांडणार? आपण कुणाच्या दारी जाऊन माळ घाला म्हणत नाही. ज्याला यायचं तो येतो, न येणाराही वाटेत पाणी पाजतो. उंच पोरानं ऐकून घेतलं. म्हणाला, आकडे भरताना मलाही जड जातं, कारण बहुतेक रकान्यात शून्य असतं.

आषाढी त्या वर्षी 4 जुलैला आली. तो त्यांचा स्वातंत्र्यदिन. मला उपवास आणि गावभर फटाके. पालखीचे दिवस मी तिकडे एकट्यानंच मोजत होतो, आज जेजुरी, आज वाल्हे, आज लोणंद. रोज पहाटे कालव्याच्या कडेनं चालून यायचो. दोघं भेटले तेव्हा त्यांना सांगितलं, या घडीला लाखो माणसं अठरा-वीस दिवस चालून एका गावात पोचली आहेत. मला वाटलं नवल करतील. उंच पोरगा शांतपणे म्हणाला, "आमचे लोक इथूनच चालत गेले." आणि नदीकडं बोट केलं.

खरंच, 1847 पासून त्यांच्या पूर्वजांचे तांडे या नदीकाठानं सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडं गेले. 1856 ते 1860 मध्ये बैलगाड्या परवडत नसलेले सुमारे तीन हजार लोक सामान हातगाड्यांवर लादून, त्या ओढत गेले. 1856 ला उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना पुढं वायोमिंगमध्ये बर्फानं गाठलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्याच साली त्याच्या आजीची खापरपणजी बारा वर्षांची असताना हातगाडीला मागून रेटत या वाटेनं गेली होती. त्याला हे आजीनं सांगितलेलं. स्कॉट्सब्लफजवळ रेल्वेच्या कडेला रिबेका विंटर्स नावाच्या बाईची कबर आहे, मुलानं मला नेऊन दाखवली. 1852 मध्ये ती या वाटेवर पटकीनं गेली. दगड कुठला मिळणार माळावर? सोबतच्यांनी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून पुरली, तिच्यावर तिचं नाव आणि पन्नास वर्षं वय कोरलं. पुढं रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती धाव सापडली आणि त्यांनी रूळ बाजूला घेतले. मी तिथं चपला काढून उभा राहिलो. वाटेवर गेलेलं माणूस कुठल्याही पंथाचं असो.

ऑगस्टच्या 21 तारखेला तिकडे खग्रास सूर्यग्रहण झालं. सोमवार होता म्हणून दोघं चष्मे घेऊन अंगणात आले. आमच्या घरी सौभाग्यवतींनी पडदे लावून नातीला मांडीवर घेतलेलं आणि अन्नात तुळशीचं पान. तुळस तिनं एप्रिलातच कुंडीत लावली होती. दोनेक मिनिटं दिवसाढवळ्या काळोख झाला, टोंगाच्या पोरानं त्यांचं एक भजन म्हटलं. आतून हिनं विचारलं, "सुटलं का?"

सप्टेंबरात ती गोष्ट झाली. उंच पोराला त्याच्या वरिष्ठांचा फोन आला, आजी गेली. तीच आजी, हातगाडीची हकीकत सांगणारी. आईवडिलांशी बोलायची परवानगी मिळाली. अंत्यविधीला तो गेला नाही. विमानानं काही तासांचं अंतर. ते मला कळलं टोंगाच्या पोराकडून, कारण हा तर बोलतच नव्हता. मला राग आला. मी सरळ विचारलं, "तुला जाऊ दिलं नाही का?" तो म्हणाला, "मी निघालो तेव्हाच आजीनं सांगितलं होतं, मी गेले तर येऊ नकोस. मला वाटलं नव्हतं ती खरंच जाईल." माझं मत मी बदललेलं नाही. माझ्या हातात असतं तर मी त्याला घरी पाठवला असता. वारीत कुणाच्या घरून तशी वार्ता आली तर आम्ही एस.टी.त बसवून देतो, उरलेली वाट पुढच्या वर्षी.

आमच्या सौभाग्यवतींना इंग्रजी येत नाही. मी तिला दोन शब्दांत सांगितलं. तिनं त्याला वरण-भात वाढला, वर तूप घातलं, आणि तो जेवत असताना त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. त्यांच्या नियमात हे बसतं की नाही कोण जाणे. दोघांनीही काही म्हटलं नाही. मग तो रडला. सोबती खाली मान घालून ताटातला भात चिवडत राहिला.

जेवण झाल्यावर कट्ट्यावर बसलो. तो म्हणाला, "आजोबा, मी रोज लोकांच्या दारात उभा राहून म्हणतो, मला ठाऊक आहे हे खरं आहे. आमच्यात तसंच म्हणतात. वाटतं, मानतो असं नाही, ठाऊक आहे. काल रात्री म्हणून पाहिलं, तर ते मला ठाऊक आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. तुम्हाला कसं ठाऊक आहे?"

वाचकहो, इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, प्रवचनं ऐकली. उत्तर काही सुचेना. शेवटी जे खरं होतं ते सांगितलं. "आमच्याकडे असं कुणी विचारत नाही रे. वारी चुकली का, एवढंच विचारतात."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुमची या वर्षी चुकली." मी म्हटलं, "चुकली." आणि आम्ही दोघंही हसलो, कशाला ते सांगता येत नाही. टोंगाच्या पोरानं घड्याळ दाखवलं, नऊ वाजत आले होते. दोघं गेले.

त्या रात्री मला झोप नव्हती. तळघराच्या खिडकीतला दिवा साडेदहाला गेला. मग अकराला पुन्हा लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बारापर्यंत मी पाहत होतो, जळतच होता. पहाटे पूजेला बसलो तेव्हा खिडकी अंधारी. साडेसहा झाले. मी जप सोडून तिकडंच पाहत बसलो, हे देवाला माहीत आहे. घड्याळाचा काटा दोन-तीन मिनिटं पुढं सरकला. मग दिवा लागला. दहाला दोघं बाहेर पडले, टाय नीट, आणि आमच्या रस्त्याच्या पहिल्या दारापासून सुरुवात केली.

महिनाअखेरीस त्याची बदली झाली, मोटारीनं चार तासांवरच्या गावी. निरोप घ्यायला आला तेव्हा हिनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. त्याच्या जागी आलेला नवा पोरगा पहिल्याच दिवशी आमच्या दारात उभा राहून आपलं पाठ केलेलं म्हणू लागला, तर टोंगाचा त्याला म्हणाला, "इथं थांब, यांना सांगून झालंय. इथं ताक मिळतं."

पुढच्या वर्षी, 2018 ला, मी वारीत होतो. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान झालं तेव्हा काठावर बसून आमच्या दिंडीतल्या एका जुन्या सोबत्याला ही हकीकत सांगत होतो. तो शेतकरी माणूस, हिशेबी. सगळं ऐकून म्हणाला, "सहा महिन्यांत एकही गिऱ्हाईक नाही म्हणतोस, आणि तरी पोरं माघारी गेली नाहीत?"

"नाही."

"कुणी सांगितलं होतं का, की मिळेल म्हणून?"

मला त्याचं उत्तर येत नव्हतं. तो पाय पुसत होता, टाचेला दोन मोठे फोड आले होते. तेवढ्यात पुढं टाळ वाजले, लोणंदचा मुक्काम गाठायचा होता. त्यानं धोतराचा काठ फाडून टाचेला गुंडाळला आणि आम्ही उठलो.